तळं बारा महिने भरलेलं हवं, तर बंधारा कसा राखायचा

शेतीच्या तळ्याला दरवर्षी उसंत मिळते. भात-उसाला पाणी सोडता सोडता ते मार्चपर्यंत तळाला जातं. आतला उतार उघडा पडतो, तळातल्या पाइपाचं तोंड दिसतं, खेकड्यांची बिळं दिसतात आणि मृग लागायच्या आत डागडुजी होऊन जाते. फार्महाऊसच्या तळ्याला ही उसंत नसते. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आणि चोर्ल्याच्या वाटेवर ओढा अडवून केलेली अशी खासगी तळी दिसतात. होडी फिरवायची, पोहायचं, गळ टाकून बसायचं, एवढंच त्यांचं काम. मालकाला पाणी काठोकाठ हवं असतं, आणि उन्हाळ्यात तर जास्तच, कारण पाहुणे तेव्हाच येतात. म्हणजे मातीचा भराव वर्षानुवर्षं भिजलेलाच राहतो आणि त्याची पाण्याखालची बाजू कुणी पाहिलेलीच नसते. मौजेच्या तळ्याचे बहुतेक आजार इथून सुरू होतात. त्यात सावलीला झाडं, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी, पाणी वाढावं म्हणून सांडव्यावर (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर) पोती अशा हौसेच्या गोष्टींची भर पडते.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून एक नमुना घेऊ. ओढ्याच्या तळापासून ५ मीटर उंच, माथ्यावर ६० मीटर लांब बंधारा. माथ्याची रुंदी साडेतीन मीटर, म्हणजे ट्रॅक्टर निर्धास्त जाईल. पाण्याकडचा उतार १ ला ३ (म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं), बाहेरचा १ ला २. मधोमध पायाची रुंदी साडेअठ्ठावीस मीटर भरते. माती दाबून झाल्यावर सुमारे सव्वासहाशे ब्रास, खाणीतून उकरलेली सैल मोजली तर पावणेआठशेच्या आसपास. सांडव्याची पातळी माथ्यापासून १ मीटर खाली, म्हणून सर्वात खोल ठिकाणी पाणी ४ मीटर. पाण्याचा पसारा एक एकर असेल तर साठा साधारण ६५ लाख लिटर होतो. ऐकायला थोडा वाटतो, पण हा साठा अर्ध्या तासात एका अरुंद ओढ्यातून खाली गेला तर वाटेतलं खोपट, गोठा, पंपघर काही उरत नाही.

आता माती. खानापूरच्या पश्चिमेला जांभा आणि त्यावरची तांबडी माती, बेळगावच्या पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी. दोन्हींचे दोष वेगळे. काळी माती पाणी धरते, पण सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि ओली असताना उभा उतार सहन करत नाही, घसरते. ती भरावाच्या पोटात घालावी आणि वरून सगळीकडे फूट-दीड फूट मुरुमाचं पांघरूण द्यावं. जांभ्याच्या मातीत खडे जास्त आणि पाणी धरणारा अंश कमी. शिवाय जांभ्याच्या खडकात पोकळ्या असतात आणि त्याखाली पांढरट-जांभळट मऊ शेडी लागते. ती हाताला साबणासारखी गुळगुळीत लागते, म्हणून लोक चिकणमाती समजून भरावात घालतात. वाहत्या पाण्यापुढे ती टिकत नाही.

मातीची परीक्षा जागेवरच करता येते. मूठभर माती भाकरीच्या पिठासारखी मळायची आणि पाटावर वळायची. साधारण ३ मिलिमीटर जाडीची शेवई न तुटता वळली तर पोटात घालण्यापुरता चिकटपणा आहे. दुसरी परीक्षा त्याहून महत्त्वाची आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. काचेच्या पेल्यात बॅटरीत घालायचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, घ्या, हरभऱ्याएवढा ओलसर खडा अलगद सोडा आणि पेला हलवू नका. खडा नुसता ढासळून तळाशी बसला तर ठीक. तासाभरात त्याच्याभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं, तर ती माती पाण्यात आपोआप विरते. असल्या मातीच्या बंधाऱ्यात सुतळीएवढी वाट मिळाली की चार तासांत तिची घागरीएवढी होते.

पायाची खोदाई हा कंजुषीचा भाग नव्हे. वरची मुळ्यांची काळी-तांबडी माती फूटभर खरवडून बाजूला ठेवा, ती शेवटी गवतासाठी उपयोगी पडते. मग बंधाऱ्याच्या मध्यरेषेवर अडीच-तीन मीटर रुंदीचा चर पाणी न झिरपणाऱ्या थरापर्यंत उतरवायचा आणि चिकट मातीने ठोकून भरायचा. तो थर दीड मीटरवर लागेल किंवा तीन मीटरवर. खर्चाचा अंदाज करून चर आधीच थांबवला की उरलेल्या जांभ्यातून पाणी बंधाऱ्याखालून निघून जातं, आणि पुढे वर कितीही माती टाकली तरी ती गळती थांबत नाही. चर तळाशीच नव्हे, दोन्ही काठांवरही माथ्याच्या पातळीपर्यंत न्यायचा.

भराव थराथराने. सैल माती २० सेंटिमीटर पसरायची, दाबून १५ झाली पाहिजे. ओल बेताची हवी. मातीचा लाडू वळून छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडा. दोन-चार मोठे तुकडे झाले तर ओल बरोबर, भुगा झाला तर टँकर बोलवा, चपटा होऊन चिकटला तर एक दिवस वाळू द्या. दाबायला शीपफूट रोलर (खुरांसारखे दांडे असलेला) हवा. जेसीबीच्या चाकांनी दाबलेला भराव वरून टणक दिसतो आणि आत थरांमध्ये सैल राहतो, पुढे त्याच सैल थरातून आडवी ओल बाहेर येते. नवा थर टाकण्यापूर्वी जुन्याचा पृष्ठभाग खरवडायचा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. नीट दाबलेला भरावही काही प्रमाणात बसतोच, म्हणून मधोमध २५ सेंटिमीटर जास्त उंची द्यायची. माथा सुरुवातीला मध्ये किंचित फुगीर दिसला तर घाबरू नका. काही वर्षांनी तो मध्ये खोलगट दिसू लागला तर मात्र पुराचं पाणी तिथूनच वरून जाणार आहे.

तळातला पाइप बंधाऱ्याची सर्वात नाजूक जागा. १५० मिलिमीटरचा पाइप घ्या. साडेतीन मीटरच्या दाबाला तो सेकंदाला ५० लिटरच्या आसपास पाणी काढतो, आणि पातळी उतरेल तसा वेग कमी होत जात आपलं ६५ लाख लिटरचं तळं अडीच-तीन दिवसांत बरंच खाली येतं. पाइप भरावावर कधीच ठेवू नये, मूळ घट्ट जमिनीत चर खणून काँक्रीटच्या गादीवर बसवावा. त्याच्याभोवतीची माती रोलरने दाबता येत नाही, म्हणून १० सेंटिमीटरचे थर हाताने धुमसाने ठोकायचे, विशेषतः पाइपाच्या पोटाखाली. पाण्याची वाट अडवायला पाइपावर काँक्रीटच्या चौकोनी पट्ट्या घालतात. त्यांचा उपयोग आहे, पण पट्टीच्या कोपऱ्यात माती नीट ठोकली नाही तर तीच पोकळी बनते. बाहेरच्या टोकाकडे पाइपाला धुतलेल्या वाळूचा वेढा द्यायचा आणि त्यातून निघणारं पाणी वेगळ्या नळीने बाहेर आणायचं. पाणी येतं, माती येत नाही. व्हॉल्व्ह पाण्याच्या बाजूला असेल तर पाइप एरवी रिकामा राहतो. व्हॉल्व्ह फक्त बाहेरच्या टोकाला असेल तर बंधाऱ्याच्या पोटात पाइप कायम दाबाखाली राहतो आणि एखादा सांधा सुटला की पाणी थेट भरावात शिरतं.

जुन्या तळ्यात असा पाइपच नसेल, आणि तशी तळी पुष्कळ आहेत, तर भरलेला बंधारा पाइपासाठी खोदू नका. माथ्यावरून ११० मिलिमीटरच्या एचडीपीई पाइपाचा सायफन करा. आतल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप), बाहेरच्या टोकाला साधा व्हॉल्व्ह, आणि माथ्यावर सर्वात उंच जागी झाकणाचा टी. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून टी मधून पाइप पूर्ण भरायचा, झाकण घट्ट लावायचं, मग बाहेरचा उघडायचा. सेकंदाला १५ ते २० लिटर मिळतात. बाहेरचं टोक बंधाऱ्याच्या पायथ्यापासून पुढे, दगडांवर सोडायचं.

सांडव्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मातीचे बंधारे सर्वात जास्त माथ्यावरून पाणी गेल्यानेच वाहून जातात. माती दगडी बंधाऱ्यासारखी पाणी वरून जाऊ देत नाही. बाहेरच्या उतारावर पाणी धावू लागलं की पायथ्यापासून घळ पडत वर येते आणि माथा कापते.

समजा पाणलोट २० हेक्टर, म्हणजे पन्नासएक एकर. तासाला १०० मिलिमीटर वेगाची सर आणि निम्मं पाणी वाहून येतं असं धरलं तर सेकंदाला पावणेतीन घनमीटरच्या आसपास पूर येतो. सांडव्यावरून ४० सेंटिमीटर खोल पाणी वाहू द्यायचं असेल तर त्याला साडेसहा मीटर रुंदी लागते. पण कणकुंबी-जांबोटीकडे जमीन आठवडाभर भिजलेली असताना निम्म्यापेक्षा जास्त पाणी येतं आणि सरीचाही भरवसा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सलग दिवसांचा पाऊस काय करतो ते बेळगाव जिल्ह्याने पाहिलं आहे. म्हणून ६० टक्के आणि १२० मिलिमीटर धरावं. पूर ४ घनमीटर होतो, रुंदी सव्वानऊ मीटर. मी सरळ १० मीटर ठेवा म्हणेन. पाणी ४० सेंटिमीटर चढलं तरी माथ्यापर्यंत ६० सेंटिमीटर उरतात, लाटांसाठी आणि हिशोब चुकला तर त्यासाठी.

सांडवा भरावावर नको, बाजूच्या मूळ जमिनीत कापायचा. त्याचं पाणी बंधाऱ्याच्या पायथ्याला न लागता लांबून ओढ्याला मिळालं पाहिजे. जांभ्याचा खडक लागला तर उत्तम. नसेल तर उंबरठ्यावर काँक्रीटची आडवी पट्टी एक मीटर खोल उतरवा आणि पुढच्या उतारावर दगड बसवा.

आता तीन गोष्टी, ज्या दिसल्या की त्याच दिवशी काढाव्यात. पहिली, माशांसाठी लावलेली बारीक जाळी. पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळा येऊन ती तासाभरात भिंत होते आणि १० मीटरच्या सांडव्याचा उपयोग शून्य होतो. रोहू-कटला गेले तर जाऊ द्या, पुढच्या वर्षी बोटुकली सोडता येतात. दुसरी, उंबरठ्यावर रचलेली वाळूची पोती किंवा फळ्या. फूटभर पाणी वाढतं, पण माथ्यापर्यंतच्या एक मीटरमधले ३० सेंटिमीटर जातात आणि सांडव्याची पूर वाहण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. तिसरी, सांडव्यातून गाडीरस्ता नेण्यासाठी टाकलेले सिमेंटचे ह्यूम पाइप. ६०० मिलिमीटरचे दोन पाइप मिळून जेमतेम एक घनमीटर पाणी नेतात, आणि आपल्याला चार न्यायचं आहे. रस्ता हवाच असेल तर सांडव्यातूनच काँक्रीटचा सपाट फरशी-मोरीसारखा करा आणि पाणी वाहत असताना गाडी नेऊ नका.

झाडांच्या बाबतीत मालकांशी वाद होतो, पण यात तडजोड नाही. बंधाऱ्यावर आणि बाहेरच्या पायथ्यापासून ५ मीटरपर्यंत निलगिरी, अकेशिया, करंज, बांबू काही नको. मुळं ओलीकडे जातात, झाड वादळात पडलं तर मुळांसकट माथ्याचा घास जातो, आणि झाड मेलं तर कुजलेल्या मुळांच्या जागी नळ्या उरतात. मनगटाएवढं झाड मुळासकट उपटून खड्डा थराथराने ठोकून भरा. मांडीएवढं वाढलेलं झाड नुसतं कापून सोडणं घातक, कारण मुळं आत कुजत राहतात. पाणी उतरवून, मुळं खणून, चांगल्या मातीने खड्डा भरूनच ते काढायचं. उतारांवर हरळी हवी. ती कापून घोट्याएवढी ठेवली की ओल, भेग, बीळ लगेच नजरेस पडतं. सावलीसाठी झाडं लावायला मूळ काठाची जमीन मोकळी आहे.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि नंतर खेकड्यांवर फार बोललं गेलं. खेकडे, घुशी, वाळवी बंधारा पोखरतात हे खरंच आहे. खेकडा पाण्याच्या पातळीजवळ बीळ करतो, आणि पातळी वर्षभर एकाच जागी ठेवली की सगळी बिळं एकाच ओळीत येतात. पण नीट दाबलेल्या, साडेतीन मीटर माथ्याच्या बंधाऱ्याला खेकडा एकटा फोडत नाही. दीड-दोन मीटरच्या माथ्याला आणि सैल भरावाला तो पुरेसा होतो. बिळं बुजवताना वरून माती ढकलू नका. बीळ संपेपर्यंत खणा आणि ओल्या चिकणमातीने ठोकून भरा.

झिरपा प्रत्येक मातीच्या बंधाऱ्याला असतो, त्याची नोंद हवी. बाहेरच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी छोट्या पन्हळातून एका जागी आणा आणि आठवड्यातून एकदा १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा, शेजारी तळ्याची पातळी लिहा. ४० सेकंद लागत असतील तर मिनिटाला १५ लिटर. पातळी तीच असताना ४० ची ३० झाली तर आत काहीतरी बदललं आहे. त्याहून महत्त्वाचा रंग. बादलीतलं पाणी पांढऱ्या स्टीलच्या तांब्यात घेऊन तासभर ठेवा. तळाशी मातीची पुसट साय बसली, तर बंधारा आतून वाहून चालला आहे. झिरपा स्वच्छ असला आणि वाढत नसला तर विचाराला वेळ मिळतो, गढूळ झिरपा थोडा असला तरी त्याच दिवशी पाणी उतरवायला सुरुवात करायची.

उन्हाळ्यात पाणी कमी होतंय ते बाष्पीभवनाने की गळतीने, हा प्रश्न नेहमी येतो. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला ५ ते ७ मिलिमीटर पाणी उन्हानेच जातं. काठावर पाण्यात अर्धी बुडेल अशी बादली पाणी भरून, दगड घालून ठेवा, आत खूण करा, तळ्याच्या पट्टीवर खूण करा. पाऊस नसलेल्या आठ दिवसांनी दोन्ही उतार मोजा. तळं बादलीपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरलं असेल तर तो फरक गळतीचा.

आतल्या उतारावर लाटांनी पायरी पडते, मोटारबोट असेल तर लवकर. त्यासाठी फूटभर जाडीचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, आणि त्याखाली १५ सेंटिमीटर वाळू-खडीचा थर लागतो. इकडे जांभ्याचे चिरे स्वस्त आणि दिसायला सुंदर, म्हणून सिमेंटमध्ये चिऱ्यांची गुळगुळीत भिंत बांधायचा मोह होतो. पाणी उतरलं की भिंतीमागची ओल बाहेर यायला जागा शोधते आणि भिंत पुढे ढकलते. त्याआधीच मागची माती वाहून पोकळी झालेली असते. पहारेने ठोकत चाला. भरीव जागी ठक्क असा आवाज येतो, पोकळ जागी मडक्यासारखा घुमतो. काळ्या दगडाचं कोरडं, ओबडधोबड पिचिंग दिसायला साधं, पण त्यातून पाणी मोकळं जातं आणि दगड खचला तर लगेच दिसतो.

भरलेलं तळं हवं असलं तरी तीन वर्षांतून एकदा ते खाली करावंच. दसऱ्यानंतर केलं तर पुन्हा भरायला पुढचा पावसाळा लागतो, म्हणून पाहुण्यांचा हंगाम संपल्यावर, मेच्या मध्यावर करावं. दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरवू नये. भिजलेल्या भरावाला आतून आधार देणारं पाणी अचानक गेलं तर आतला उतार घसरतो. व्हॉल्व्ह एरवीही महिन्यातून एकदा पूर्ण उघडून बंद करावा, नाहीतर गाळाने जाम होतो आणि गरजेच्या रात्री हलत नाही. नवा बंधारा असेल तर पहिल्या पावसाळ्यात व्हॉल्व्ह उघडा ठेवून तळं निम्मंच भरू द्या. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते पहिल्यांदा भरत असतानाच.

पोहण्याची जागा बंधाऱ्यावर नको. आतला उतार निसरडा असतो, आणि १ ला ३ उतारावर साडेचार मीटर आत गेलं की पाणी दीड मीटर होतं. मूळ काठावर १ ला ८ उताराची जागा करा, १.२ मीटर खोलीवर तरंगत्या डब्यांचा दोर बांधा. पाइपाच्या तोंडाभोवती १० मीटरचा वेगळा दोर. व्हॉल्व्ह उघडा असताना किंवा सांडवा वाहत असताना कुणीही पाण्यात उतरायचं नाही, होडीही नाही. होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पोहता येणाऱ्यालाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो. ५ मीटरच्या बंधाऱ्याची त्या कायद्याखाली तपासणी होत नाही, म्हणून ती मालकानेच करायची. उताऱ्यावर ओढा ‘ब खराब’ मध्ये (सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या जागेत) असेल तर ती जागा तुमची नाही, परवानगीशिवाय तिथे भराव घालू नका. भीमगड अभयारण्याच्या बाजूला जमीन असेल तर वनखात्याकडे आधी जा.

संकटाच्या वेळी काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. बाहेरच्या पायथ्याशी पाणी उकळ्या मारत वर येऊन भोवती मातीचं कडं साचू लागलं, तर त्यावर माती टाकून बुच मारू नका, ते दुसरीकडून फुटेल. भोवती पोत्यांचं वर्तुळ करून पाणी आत उंच चढू द्या आणि उकळीवर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी टाका. पाणी येत राहील, माती अडेल. तळ्याच्या पृष्ठभागावर भोवरा दिसला तर आतल्या बाजूने ताडपत्री, पेंढ्या, वाळूची पोती टाका. दोन्ही वेळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, तेव्हा ३० सेंटिमीटरचा नियम पाळत बसू नका. पण व्हॉल्व्हला हात लावण्याआधी ओढ्याच्या खालच्या अंगाच्या प्रत्येक घराला, गवळ्यांच्या खोपटांना आणि पंपघरात झोपणाऱ्या माणसांना फोन गेला पाहिजे, मग ११२ ला. ते नंबर आणि व्हॉल्व्हची चावी एकाच खिळ्यावर, रात्री तिथे झोपणाऱ्या राखणदाराच्या खोलीत टांगलेली असू द्या. शेजारी चांगली बॅटरी, पन्नास रिकामी पोती आणि खोलीबाहेर एक ब्रास वाळू.